लहानूच्या गाण्यातली थांबायची जागा

मे १९९७. अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार, सकाळची वरात.

हजर: बेंजोवर काशिनाथ, गाणाराही तोच. कॅसिओवर माझा चुलतभाऊ सलीम. ढोलावर भागा आणि नवसू, दोघे सख्खे भाऊ. ताशावर मोखाड्याहून उसना आणलेला वादक. हातगाडी ढकलायला दोन माणसं. अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि भांडणं सांभाळायला मी, रफिक.

गैरहजर: लहानू. आमचा नेहमीचा ताशावाला. होळीनंतर वीटभट्टीवर तापाने गेला.

जव्हारमध्ये माझं लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान आहे. वडील पेट्रोमॅक्स दुरुस्त करायचे, मी त्यात भोंगे घातले, पुढे बेंजो पार्टी काढली. जव्हार-मोखाड्यात लग्न म्हटलं की बेंजो पार्टी लागतेच, पण बाहेरच्या वाचकांना ती माहीत नसेल, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. आमचा बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्याने तार छेडायची. तारांखाली चुंबक असतो, तिथून वायर अॅम्प्लिफायरला जाते. हे सगळं एका हातगाडीवर बांधायचं, पुढे भोंगे लावायचे आणि वऱ्हाडाबरोबर चालायचं. चालता चालता वाजवणं हे बसून वाजवण्यापेक्षा वेगळं काम आहे. रस्त्यात खड्डा आला की सूर जातो, पण ठेका जाता कामा नये.

आमच्या धंद्याचे नियम थोडे आहेत आणि कडक आहेत. बायका नाचत असतील तर गाडी पुढे काढायची नाही. नमाजाच्या वेळी मशिदीपुढे, दवाखान्यापुढे आणि दुखवट्याच्या घरापुढे वाद्य बंद. गाणं कुठेही असो, अर्ध्यात असो, बंद. त्याची खूण ताशावाला देतो: ताशाच्या कडेवर काडीचे दोन टोले. टक, टक. मग सगळे हात वर. घर मागे पडलं की पुन्हा सुरू.

त्या साली सगळ्या लग्नांत एकच गाणं मागितलं जायचं आणि ते लहानूने केलेलं होतं. लहानूचा पाडा खोडाळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. भाताची कापणी आटपली की आमच्याकडची निम्मी माणसं मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून भिवंडी-वसईकडे भट्टीवर, बांधकामावर जातात. त्याला इथे ‘जगायला जाणं’ म्हणतात. लहानूचं गाणं त्या ट्रकवर होतं:

आली गाडी मुकादमाची, वळणावर भोंगा वाजं
मी नाय चढायचा, नाय चढायचा, नागली माझी वाट बघं

नागली म्हणजे नाचणी. कडवी चार. प्रत्येक कडव्यात मुकादम काहीतरी आमिष दाखवतो आणि पोरगा म्हणतो, नाय चढायचा. ‘नाय चढायचा’वर अख्खं वऱ्हाड दोन्ही हात हलवून नाचायचं, आणि त्यातले बरेच जण दिवाळीनंतर त्याच ट्रकमध्ये चढलेले असायचे. लहानू स्वतः तीन वर्षं चढला नव्हता. चौथ्या वर्षी चढला.

आमच्या बेंजोच्या आवाजाबद्दलही सांगायला हवं. पार्टीतला मोठा स्पीकर घाटात गाडी कलंडून फाटला होता. मी त्याच्या कागदाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ सोल्यूशनने लावलं. तेव्हापासून बेंजो जोरात वाजला की तो गुरगुरायचा, बांधलेला कुत्रा अनोळखी माणसावर गुरगुरतो तसा. मी नवा स्पीकर आणायला निघालो तेव्हा लहानूनेच अडवलं. म्हणाला, “राहू दे रफिकभाय. मुकादमाचे ट्रकचा आवाज आयताच गावला.”

त्या रविवारी नवरदेवाची वरात त्याच रस्त्याने खोडाळ्याला निघाली होती. मला वाटेत लहानूचं घर लागणार हे माहीत होतं, म्हणून मी काशिनाथला सांगून ठेवलं होतं की ते गाणं वळणाआधीच संपव. पण वरात कुणाच्या हिशोबाने चालत नाही. पोरांनी ‘नाय चढायचा’ तीनदा परत मागितलं, बायका मध्ये शिरल्या, गाडी कासवासारखी सरकू लागली, आणि दुसरं कडवं संपता संपता समोर घर आलं.

लहानूचे दिवस घालायचे अजून राहिले होते. म्हणजे दुखवटा चालू. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, आणि त्यांच्याजवळ लहानूची आई सोनीआय बसलेली. उसन्या ताशावाल्याला घर माहीत नव्हतं. मी हात वर केला, त्याने पाहिला. टक, टक. सगळं बंद.

एवढ्या मोठ्या आवाजानंतरची शांतता कानाला दुखते. गाडीच्या चाकांची कुरकुर, बांगड्या, पायांचा आवाज. आम्ही खाली मान घालून गाडी ढकलत होतो. सोनीआय उठली आणि रस्त्यावर येऊन गाडीपुढे उभी राहिली.

“थांबलास का, रफिकभाय?”

“आय, दुखवटा हाय.”

“दुखवटा माझे घरात हाय. रस्त्यात नाय.”

नवरदेवाचा मामा पुढे आला. तालेवार माणूस, डोक्याला फेटा, घामाघूम झालेला. “मावशे, लग्नाची वरात हाय. तू अशी आडवी नको येऊस. बरां नाय दिसत.”

“मी कुठं आडवी आली? तुम्हीच थांबलांत.” मग तिने मामाकडे नीट पाहिलं. “तुझे भाच्याचे लगनात माझा पोर वाजवणार होता. तो नाय आला. त्याचां गाणां तरी माझे दारावरून मुक्यानं नको नेऊ.”

मामा गाडीच्या दांडीला हात घालून उभा राहिला. अपशकुन, लग्न, चार लोक, सगळं बोलून झालं. शेवटी घोड्यावरचा नवरदेव वैतागून म्हणाला, “मामा, बाजूला व्हा ना. उन्हात मी बसलोय.”

कुणीतरी हसलं. त्या हसण्यातच सोनीआयने दोन्ही हात वर केले आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “वाजवा!”

काशिनाथने तार ओढली. तो स्पीकर त्या दिवशी जसा गुरगुरला तसा आधी नाही, नंतर नाही. आम्ही नियम मोडून, दुखवट्याच्या दारात उभं राहून, तिसरं कडवं पूर्ण वाजवलं. सोनीआय नाचली नाही, रडली नाही. कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली, जणू कामगारांकडून काम करून घेत होती. चौथं कडवं सुरू करणार तेवढ्यात तिने हात केला. “बास. आता जां.”

नवरदेवाच्या भावाने भिवंडीहून टू-इन-वन आणला होता. तो गाडीवर ठेवलेला होता आणि रेकॉर्डिंग चालू होतं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मूळ गाणं म्हणून आज जे सगळीकडे आहे ते हेच. पहिलं कडवं, दुसरं कडवं, टक टक, शांतता, एका बाईचं ‘वाजवा!’, गुरगुर, तिसरं कडवं. मामाचं बोलणं जीपवाल्यांनी कॅसेटची कॉपी काढताना कापून टाकलं, कारण प्रवाशांना तेवढा धीर नव्हता. जीपमधून कॅसेट त्र्यंबकला गेली, विक्रमगडला गेली, डहाणूला गेली. कॉपीवरून कॉपी. पावसाळा संपता संपता ती मी जव्हारच्या डेपोत पानाच्या टपरीवर ऐकली तेव्हा सोनीआयचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला होता.

मग लोक ते गाणं आपापलं करू लागले. जेवढी मी स्वतः ऐकली तेवढीच सांगतो.

नाशिककडच्या एका ब्रास बँडने ते पितळी वाद्यांवर बसवलं. चांगलं बसवलं. फक्त मध्ये थांबायचे तेव्हा त्यांचा पुढारी बिगुल काखेत धरून सलाम ठोकायचा. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, “स्टाइल आहे ती. ओरिजनलमध्ये आहे.”

एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये गुरुजींनी ‘मुकादमाची’च्या जागी ‘शाळेची गाडी’ घातली. मग ‘नाय चढायचा’चं काय करायचं हा पेच पडला. त्यांनी ते ‘लवकर चढायचा’ केलं. चाल बसेना, पोरं मात्र खुशाल जुनंच म्हणत होती आणि पहिल्या रांगेतले पाहुणे टाळ्या वाजवत होते.

निवडणुकीत एका उमेदवाराच्या जीपवर ‘आली गाडी साहेबांची, सगळे मिळून चढूया’ वाजलं. सोनीआयने ते बाजारात ऐकलं. मला म्हणाली, “माझा पोर नाय चढायचा सांगून मेला, आणि हे बघ, सगळेच चढले.” आणि पोट धरून हसली. लहानू गेल्यानंतर मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

शिरपामाळ बघायला आलेली शहरातली चार पोरं जीपमध्ये कॅसेट ऐकून थेट माझ्या दुकानात आली. केस वाढलेले, पाठीवर गिटारी. त्यांना तो गुरगुरणारा आवाज कुठल्या मशीनचा ते हवं होतं. मी ठिगळ दाखवलं. त्यातला एक जमिनीवर बसून ठिगळाकडे बघतच राहिला. नंतर त्यांनी आपल्या कॉलेजात गिटारवर ते गाणं वाजवलं आणि टेप पाठवली. शब्द लहानूचेच, उच्चार अर्धे चुकलेले, पण ‘नाय चढायचा’ असं काही ओरडले होते की भागा म्हणाला, “यांना पण कोनी तरी ट्रकात घालतंय वाटतां.”

आणि मुंबईच्या एका कंपनीची कॅसेट आली. तिचं नाव मी लिहीत नाही. ‘आली गाडी साजणाची, मी नाय चढायची’. मुकादम जाऊन साजण आला. वीटभट्टीचा ट्रक जाऊन लाल मोटार आली. लहानूचा नकार जाऊन लाडिक नखरा आला. टक टक तसंच होतं. शांतता तशीच होती. ‘वाजवा!’ एका बाप्याने किनऱ्या आवाजात म्हटलं होतं. आणि कॅसेटच्या पाठीमागे, जिथे गीतकाराचं नाव असतं तिथे: पारंपरिक.

मी कंपनीला पत्र टाकलं. उत्तर नाही. दुसरं टाकलं. मग एक दिवस कंपनीचे सफारी घातलेले एक गृहस्थ स्वतः दुकानात आले. वाईट माणूस नव्हता. चहा प्यायला, पंख्याखाली बसला.

“रफिकभाई, हे आदिवासी गाणं आहे. पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. असं एका माणसाचं नाव कसं घालणार?”

“तो माणूस माझ्या गाडीवर ताशा वाजवायचा. गाणं केलं तेव्हा मी समोर होतो. पिढ्या कुठून आणल्या?”

“तुमचा काय संबंध पण? नात्याचा नाही, जातीचा नाही.”

“माझ्या पार्टीतला होता. एवढा पुरतो.”

त्याच्याकडे एक कागद होता. गाणं परंपरेने चालत आलेलं आहे, यावर लहानूच्या आईने अंगठा द्यायचा होता. मी म्हटलं, तिलाच विचारू. जीपने त्याला पाड्यावर नेलं. सोनीआय नागलीचं रोप काढत होती. तिने हात धुतले, त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “पारंपारिक म्हनजे काय?”

“म्हणजे... सगळ्यांचं. कुणा एकाचं नाही.”

“कोनाचांच नाय?”

“तसं म्हणा हवं तर.”

“माझे पोराला मी नऊ महिने पोटात ठेवला. गाणां त्यानं या खाटेवर बसून केलां. तू बसलास ना, तीच खाट.” गृहस्थ खाटेच्या कडेला सरकले. “आनि कोनाचांच नाय?”

त्याने तिला कॅसेटवर तिचा फोटो छापायचं कबूल केलं. तोही तिला नको होता. “माझा कशाला? मी कुठं केलां? त्याचां नाव घाल.” कागद अंगठ्याविनाच परत गेला. जाताना तो जीपमध्ये मला म्हणाला, “तुम्ही लोक विनाकारण ताणताय.” मी म्हटलं, “हो. ताणणार.”

त्या संध्याकाळी पाड्यावरून निघण्याआधी मी सोनीआयला म्हणालो होतो, आम्ही गाण्याआधी माइकवरून लहानूचं नाव घेऊ. तिने मान हलवली. “आधी कोन ऐकतो? तेव्हा सगळे पानी पितात. तुम्ही थांबता ना मधी, तिथं घ्या. तेव्हा सगळे गप असतात.”

मी या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण कार्यक्रमाची आखणी याहून चांगली मला कुणी सांगितली नाही.

पावसाळ्यात लग्नं नसतात, वादक मोकळे असतात. दोन्ही तालुक्यांतल्या बेंजो पार्ट्यांना मी जव्हारला बोलावलं. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी माणसं ती, एका चटईवर बसली हीच मोठी गोष्ट. ठरलं ते असं: शब्द लहानूचेच वाजतील, साजण कुठेही येणार नाही. आणि टक टक झाल्यावर, शांततेत, ‘वाजवा’च्या आधी, पार्टीतला प्रत्येक जण नाव घेईल. एका पार्टीवाल्याने कुरकुर केली. “गिऱ्हाइक साजणवालां मागतां.” काशिनाथ म्हणाला, “मग त्याला सांग, साजण भट्टीवर गेलाय.”

दोन लग्नसराया असं चाललं. पहिल्या महिन्यात फक्त वादक ओरडायचे. मग वऱ्हाडातली पोरं ओरडू लागली. मग ज्यांनी लहानूला पाहिलंही नव्हतं त्या बायका.

त्यानंतरच्या दसऱ्याला जव्हारच्या मैदानावर दुपारचा कार्यक्रम होता. मुंबईहून ऑर्केस्ट्रा आला, त्याच कंपनीचा, साजणवाल्या गायिकेसकट. माइक आणि भोंगे माझे होते. काही जणांनी सुचवलं, रफिकभाई, त्या गाण्याला वायर काढून टाका. मी नकार दिला. घेतलेलं काम मी नीट करतो. उलट त्या गाण्याला मी आवाज एक घर वाढवला.

सोनीआयला मी घरच्या जीपने आणलं होतं. ती स्टेजच्या बाजूला माझ्या अॅम्प्लिफायरच्या रिकाम्या पेटीवर बसली होती. निवेदक म्हणाला, “आता आपल्याच मातीतलं पारंपरिक लोकगीत!” गायिका आली, गोड आवाज, चमकीची साडी. पहिलं कडवं, साजण. दुसरं कडवं, लाल मोटार. मैदान शांतपणे ऐकत होतं. मला वाटलं, मुंबईपुढे आपली माणसं लाजली.

टक, टक.

ऑर्केस्ट्रा थांबला. त्यांना ती जागा का आहे हे माहीत नव्हतं, पण नक्कल पक्की होती, त्यामुळे ते अगदी चोख थांबले. आणि त्या जागेत अख्खं मैदान एका दमात ओरडलं:

“लहानू!”

गायिका दचकून मागे सरली. ‘वाजवा’ म्हणणारा बाप्या माइक तोंडाशी धरून तसाच उभा राहिला. मैदान थांबलं नाही. दुसऱ्यांदा ओरडलं, तिसऱ्यांदा ओरडलं. झेंडूच्या माळा घातलेल्या एसटीचे ड्रायव्हर रस्त्यावरून हॉर्न देऊ लागले. निवेदकाने माझ्याकडे पाहून हाताने खूण केली, काय चाललंय? मी हाताने खूण केली, गाणं चाललंय.

सोनीआयने मला खाली ओढून कानात विचारलं, “कोन ओरडतां?”

“सगळेच, आय.”

ती पेटीवरून उठली. मी तिच्या हातात माझा चाचणीचा माइक दिला. तिने तो उलटा धरला, मी सरळ केला. आणि बाप्याने जे म्हणायचं होतं ते जिचं होतं तिने म्हटलं: “वाजवा!”

आता ऑर्केस्ट्राला वाजवावंच लागलं. तिसऱ्या कडव्याला गायिकेने साजण म्हटला की मुकादम, हे कुणालाच ऐकू गेलं नाही, कारण मैदान लहानूचे शब्द म्हणत होतं. खरं सांगायचं तर ती बाई शहाणी होती. दोन ओळींनंतर तिने स्वतःचे शब्द सोडले आणि लोकांबरोबर ‘नाय चढायचा’ म्हणू लागली. कार्यक्रम संपल्यावर तिने सोनीआयच्या पायाला हात लावला. तिचा राग मी धरत नाही.

कंपनीने मात्र नाव छापलं नाही. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, आता मोबाइलमध्ये गाणी भरून देणारी दुकानं डेपोसमोर झाली आहेत. सगळीकडे शब्द तोच: पारंपरिक. मी अजून पत्रं टाकतो. काशिनाथ म्हणतो, “आता पुरे, जिंकलो की आपण.” मैदानात जिंकलो, हे खरं. छापील जागा अजून त्यांच्याकडेच आहे, आणि मी असली कामं अर्धी सोडणारा माणूस नाही.

शिवाय चौथं कडवं आहे. ते रेकॉर्डिंगमध्ये आलंच नव्हतं, आम्ही आठवेल तसं वाजवणार तेवढ्यात सोनीआयने थांबवलं होतं. लहानू ते प्रत्येक लग्नात वेगळं म्हणायचा, त्यामुळे आमच्यापैकी कुणालाच पक्कं आठवत नाही. शेवटचं, भट्टीवर जायच्या आधी त्याने पक्कं केलेलं, तिच्याकडे आहे. गिटारवाली पोरं त्यासाठी दोनदा येऊन गेली, कंपनीचा गृहस्थही एकदा येऊन गेला. ती सगळ्यांना पाणी देते, खाटेवर बसवते आणि एकच सांगते, “पैले तीन कडव्यांना त्यांचा बाप मिळू दे. मंग चौथां देन.”

मी मागच्या आठवड्यात गेलो होतो. ती आता फार हिंडत नाही. अंगणात बसून काहीतरी गुणगुणत होती. माझी चाहूल लागली तशी थांबली आणि मिश्कील हसली. “काय रं, छापलां का?”

“नाही, आय. अजून नाही.”

“मंग जा. छापून ये.”

दुकानात एक कोरी कॅसेट काढून ठेवली आहे. टेपरेकॉर्डर कालबाह्य झाले म्हणतात. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही चालू. ठिगळाचा स्पीकरही ठेवला आहे. कॅसेटच्या लेबलवर गीतकाराच्या जागी मी शाईने लहानूचं नाव आधीच लिहून टाकलं आहे. आत भरायचं बाकी आहे.